गंधकाची धुरी: साखर, द्राक्षं, बेदाणे आणि आणखी कुठे कुठे

बॉयलिंगहाऊस:

शेजारच्या 'साखर सोडली' धाग्यावर कुणीतरी लिहिलंय की कारखान्यात साखर गंधकात धुतात. तिथे अवांतर वाढायला नको म्हणून हा वेगळा धागा. मी सहकारी कारखान्यात लॅब केमिस्ट म्हणून लागलो आणि मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. सल्फर डायऑक्साइड, आमच्याकडे नुसता 'गॅस', याच्या संगतीत सगळी नोकरी गेली. साखरेची बाजू मी मांडतो. द्राक्षवाले, ॲसिड प्लँटवाले इथे आहेत हे ठाऊक आहे, त्यांनी भर घालावी.

आधी या वायूचा स्वभाव. रंग नाही, पण वास असा की विसरणं शक्य नाही. काडेपेटीची काडी ओढल्यावर पहिल्या क्षणी नाकाला जे झोंबतं त्यात याचा मोठा वाटा असतो. कुजक्या अंड्याचा वास याचा नव्हे, तो हायड्रोजन सल्फाइडचा. लोक दोघांची सर्रास गल्लत करतात. हवेच्या सव्वादोनपट जड, त्यामुळे गळती झाली की वर जात नाही, गटारात, खड्ड्यात, तळमजल्यावर साचतो. स्वतः जळत नाही. उणे १० अंशाला द्रव होतो, म्हणजे आपल्याकडच्या तापमानाला तीन-चार वातावरणांचा दाब दिला तरी पुरतं. याच गुणामुळे १९२० च्या दशकात घरगुती फ्रिजमध्ये हा भरत असत. जीईच्या १९२७ च्या 'मॉनिटर टॉप' फ्रिजमध्ये हाच होता. गळला की घर रिकामं करायची वेळ, म्हणून फ्रिऑन आल्यावर तो गेला.

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. एक लिटर पाणी २० अंशाला शंभर ग्रॅमहून जास्त गॅस पिऊन टाकतं. पाण्यात गेला की आम्ल होतं आणि मग तो कामाला लागतो. कोरडा असेपर्यंत साध्या लोखंडी पाइपलाही फारसं काही करत नाही, ओला झाला की तोच पाइप खातो. डोळे, नाक, घसा, ऊस, द्राक्ष, बेदाणा, सगळीकडे त्याची करामत ओलाव्यापाशीच सुरू होते.

आता कारखाना. गंधक मेल्टरमध्ये वाफेच्या जॅकेटवर वितळवतात. इथे एक गंमत आहे. गंधक १२० ते १५५ अंशांच्या पट्ट्यात पाण्यासारखा पातळ असतो आणि १६० ओलांडले की पातळ व्हायच्या ऐवजी काकवीसारखा घट्ट होतो. नवीन ऑपरेटरला वाटतं गंधक येत नाही तर वाफ वाढवू, आणि लाइन पूर्ण बसते. पुढे बर्नरमध्ये तो जळतो. जाळायची हवा कोरडी हवी, म्हणून ती कळीच्या चुन्यावरून किंवा ड्रायरमधून आणतात. हवेत ओल असली तर सल्फर ट्रायऑक्साइडचं सल्फ्युरिक ॲसिड होतं, पाइप सडतात आणि रसातली साखर फुटते. जळायला हवा कमी पडली तर न जळलेला गंधक पुढे थंड पाइपात पिवळ्या भुकटीने बसतो. शिफ्टमध्ये 'सब्लिमेशन झालंय' असा निरोप आला की चीफ केमिस्टचा चेहरा बघण्यासारखा असतो.

उसाचा रस मुळात आम्लधर्मी, पीएच साडेपाचच्या आत. तो ७० ते ७५ अंशांपर्यंत तापवून सल्फायटरमध्ये घेतात. एकीकडून चुन्याचं दूध, दुसरीकडून गॅस, दोन्ही एकाच वेळी, आणि पीएच ७ च्या आसपास धरायचा. चुना आणि गॅस मिळून कॅल्शियम सल्फाइटचे बारीक कण तयार होतात. ते रंगद्रव्यं, मेण, मातीचा अंश धरून क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे रस निवळायच्या टाकीत, तळाशी बसतात. म्हणजे गॅसचं पहिलं काम रंग उडवणं नाही, घाण खाली बसवणं आहे. ही घाण प्रेसमडमधून, म्हणजे गाळून उरलेल्या चिखलातून, शेतात जाते आणि गंधकाचा मोठा हिस्साही तिच्याबरोबरच जातो. दुसरा डोस रस आटवून सिरप झाल्यावर. तिथे पीएच ५ च्या आसपास आणतात आणि तिथे मात्र रंग उतरवणं हाच हेतू असतो. म्हणून 'डबल सल्फिटेशन'. पीएच फार खाली गेला तर सुक्रोजचं इन्व्हर्जन होऊन, म्हणजे ते फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन, साखर मोलॅसिसमध्ये जाते, फार वर गेला तर ग्लुकोज-फ्रुक्टोज फुटून रस काळवंडतो. सगळी कला या दोन काठांच्या मध्ये.

गंधक लागतो उसाच्या वजनाच्या साधारण ०.०५ टक्के. दिवसाला ५००० टन गाळप असेल तर अडीच टन गंधक, आणि जळल्यावर वजन दुप्पट होतं म्हणून पाच टन गॅस.

चहाटळ:

काका, एवढं वाचूनही माझा प्रश्न उरलाच. मी दिवसाला चार चहा पितो. त्यातल्या साखरेतून माझ्या पोटात किती गॅस जातो? व्हॉट्सॲपवर तर 'पांढरं विष' म्हणून रोज येतंय.

बॉयलिंगहाऊस:

आकडाच घ्या. आपल्या नियमांत प्लँटेशन व्हाइट, म्हणजे कारखान्यातून थेट निघणाऱ्या पांढऱ्या साखरेला मर्यादा ७० पीपीएम, म्हणजे किलोला ७० मिलिग्रॅम. कोडेक्सचीही (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं) मिल व्हाइट, म्हणजे याच साखरेला हीच मर्यादा आहे, पांढऱ्या शुद्ध साखरेला १५. एका चहात १० ग्रॅम साखर धरली, तीही मर्यादेच्या काठावरची, तरी ०.७ मिलिग्रॅम. चार चहाचे २.८. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या समितीने रोजची सुरक्षित मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोला ०.७ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२. साखर कमी खावी याला दुसरी शंभर कारणं आहेत, त्यात गंधकाचा नंबर बराच खाली लागतो.

साखरेच्या बाजूने खरी तक्रार वेगळीच आहे. सल्फरने उतरवलेला रंग पक्का उतरत नाही. क्लोरीन रंगाचा रेणू मोडून टाकतो, सल्फर डायऑक्साइड बहुतेक वेळा त्यातला ऑक्सिजन काढतो किंवा त्याला चिकटून रंग झाकतो. हवेतल्या ऑक्सिजनने तो परत येतो. गोदामात पावसाळा काढलेली एस-३० (बारीक दाण्याची) साखर पिवळसर का पडते ते यावरून कळेल. बिस्किट आणि शीतपेयांच्या कंपन्या म्हणूनच रिफाइन्ड मागतात. आता बरेच कारखाने सल्फरलेसकडे वळलेत. त्यात साखर विरघळवून फॉस्फोरिक ॲसिड आणि चुन्याने घाण तरंगवून काढतात. खर्च जास्त, पण माल टिकतो आणि दरही बरा मिळतो.

गुऱ्हाळ_करवीर:

साखर सोडून गुळावर आलेल्यांसाठी. आमच्याकडे खरेदीदार गुळाचा पिवळाधमक रंग बघून भाव ठरवतो. तो रंग यावा म्हणून काहिलीत हायड्रॉस पावडर टाकतात. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, त्यातूनही शेवटी सल्फर डायऑक्साइडच मागे राहतो. गुळाला मर्यादा साखरेएवढीच, ७० पीपीएम. फरक एवढा की कारखान्यात लॅब आहे, गुऱ्हाळावर मूठ आहे. कोण मोजतंय? भेंडीच्या चिकाने मळी काढून, हायड्रॉस न टाकता केलेला गूळ तांबूस-काळपट होतो आणि बाजारात 'डाग माल' म्हणून खाली जातो. गिऱ्हाईकाने रंग मागणं सोडलं तर आमची काही हरकत नाही.

चहाटळ:

म्हणजे सेंद्रिय म्हणून दीडपट पैसे देऊन पिवळा गूळ आणत होतो तो… राहू दे.

निफाडची_बाग:

द्राक्षाची बाजू. निर्यातीचा माल असेल तर बॉक्स उघडल्यावर वर जो कागदासारखा पॅड दिसतो, त्याला आम्ही ग्रेप गार्ड म्हणतो. त्यात बारीक कप्प्यांमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइटची पूड असते. द्राक्षाच्या श्वासातून बाहेर पडणारी ओल पॅडपर्यंत पोहोचली की त्यातून गॅस सुटायला लागतो. चांगल्या पॅडला दोन थर असतात. एक पहिल्या दिवस-दोन दिवसांत झटक्यात सोडतो, घडावर बागेतून आलेले बुरशीचे बीजाणू मारायला. दुसरा हळूहळू, कित्येक आठवडे.

हे कशासाठी? बोट्रायटिस नावाची करडी बुरशी शून्य अंशालाही वाढते. बाकीच्या बुरशी कोल्ड स्टोरेजमध्ये झोपतात, ही झोपत नाही. एका मण्याला लागली की शेजारच्या मण्यात जाते आणि पनेट (द्राक्षाची प्लास्टिकची डबी) उघडला की आत कापूस दिसतो. न्हावा शेवाहून युरोपात माल पोहोचायला तीन-चार आठवडे लागतातच. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागले, तेव्हा प्रवास आणखी लांबला. त्या हंगामात पॅड किती दिवस पुरेल हा प्रश्न भावाइतकाच महत्त्वाचा झाला होता.

आता ओलाव्याबद्दल काका म्हणाले ते आमच्याकडे पैशात दिसतं. प्रीकूलिंग, म्हणजे पाठवण्याआधी माल गार करणं, नीट केलं नाही, किंवा गार माल गरम हवेत उघडा ठेवला, तर बॉक्सच्या आत घाम सुटतो. पॅडला एकदम भरपूर पाणी मिळतं, आठवड्यांचा गॅस काही तासांत सुटतो. मग देठाजवळ पांढरं कडं पडतं, मणी ब्लीच होतो. ज्या मण्याच्या सालीला केसाएवढी चीर आहे तो आधी मार खातो. त्यामुळे बागेतली हाताळणी खराब असेल तर पॅडने नुकसान वाचत नाही, उलट वाढतं. युरोपात द्राक्षावर या गॅसच्या अवशेषाला किलोला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घरच्या बाजारातला माल बहुतेक पॅडशिवायच असतो.

पोल्डरवासी:

नेदरलँड्समधून. इथल्या दुकानात भारतीय 'थॉम्पसन' दिसली की हमखास उचलतो. पनेट उघडल्यावर कधी कधी जो हलका झोंबणारा वास येतो तो हाच का? आणि धुतल्यावर जातो का?

निफाडची_बाग:

हो, तोच. धुवून दहा मिनिटं उघडी ठेवा, बराचसा निघून जातो. मण्याच्या आत गेलेला थोडा साखरेला बांधला जातो, तो जात नाही, पण १० पीपीएमच्या आतली ती गोष्ट आहे.

तासगाव_शेड:

१० पीपीएम ऐकून हसू आलं, कारण आमच्याकडे आकडे हजारांत असतात.

बेदाण्याचं असं. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डीपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतो. ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट. त्याने मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि पाणी लवकर बाहेर पडतं. मग शेडमधल्या जाळ्यांवर माल पसरायचा. उन्हात नाही, सावलीत, वाऱ्यावर. आता द्राक्षाचा स्वभाव तपकिरी व्हायचा. कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, तेच एन्झाइम इथेही असतं. त्याला थोपवायला गंधकाची धुरी. शेडला चारी बाजूंनी ताडपत्री सोडायची, खाली घमेल्यात निखाऱ्यावर गंधक, आणि माल आत बंद. जितकी धुरी जास्त तितका बेदाणा पिवळा. हिरवा हवा असेल तर हात आवरावा लागतो. काळा बेदाणा बिनधुरीचा.

कोडेक्समध्ये ब्लीच केलेल्या बेदाण्याला १५०० पीपीएम, युरोपात २००० पर्यंत मुभा आहे. काकांच्या ७० शी ताडून बघा. जर्दाळूचंही तसंच. भगवा, मऊ, चकचकीत जर्दाळू म्हणजे धुरीचा. काळपट, कडक, उग्र गोड तो बिनधुरीचा. मी स्वतः घरी काळा खातो, विकतो पिवळा. मागणीच तशी आहे.

एक सांगायचं राहिलं. धुरी दिल्यावर सकाळी ताडपत्री उचलायला माणूस पाठवताना त्याला आधी वाऱ्याची दिशा बघायला शिकवा. पहिली ताडपत्री वाऱ्याकडे पाठ करून उचलायची, गॅस आपल्यापासून लांब जाईल अशी, आणि तासभर कुणी आत जायचं नाही. गॅस जड असल्याने खालच्या जाळ्यांपाशी रेंगाळतो, आणि माल गोळा करणाऱ्या बायका नेमक्या खाली वाकलेल्या असतात.

बॉयलिंगहाऊस:

वा! म्हणजे ५० ग्रॅम पिवळ्या बेदाण्यात मर्यादेच्या काठावर ७५ मिलिग्रॅम. चहाटळ, तुमचे चार चहा २.८. शिऱ्यातल्या साखरेची काळजी करताना वरून टाकलेल्या बेदाण्याकडेही बघा.

छातीचा_डॉक्टर:

वरचा ४२ चा आकडा बरोबर आहे, पण एक भर. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये ०.७ ची तात्पुरती मर्यादा मागे घेतली, कारण तिच्या मते उपलब्ध विदा (डेटा) अपुरा आहे. म्हणजे लगेच धोका सिद्ध झाला असं नाही, पण 'इतकं चालतं' असं ठामपणे सांगणं तिने थांबवलं. बेदाणे आणि जर्दाळू रोज मूठमूठ खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटने झटका येतो, जर्दाळूचा तुकडा किंवा वाइनचा घोट पुरतो. अमेरिकेत १९८० च्या दशकात सॅलडची पानं टवटवीत दिसावीत म्हणून हॉटेलवाले सल्फाइट फवारायचे. काही दमेकरी दगावले आणि १९८६ मध्ये कच्च्या खायच्या फळभाज्यांवर त्याला बंदी आली. मांसावरही नको असतं, कारण ते थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि रंग ताजा दिसून शिळं मांस खपतं. आपल्याकडेही १० पीपीएम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ॲलर्जीकारक म्हणून पाकिटावर लिहावं लागतं. पाकिटावर आयएनएस २२० ते २२८ हे आकडे दिसले की हीच मंडळी.

श्वासातून गेला तर गोष्ट वेगळी. नाकाने शांत श्वास घेतला तर बहुतेक गॅस नाकाच्या ओल्या अस्तरातच विरघळतो, छातीपर्यंत थोडाच पोहोचतो. पळताना, ओझं उचलताना आपण तोंडाने श्वास घेतो आणि तो थेट खाली जातो. दमेकऱ्याची श्वासनलिका अर्ध्या पीपीएमलाही काही मिनिटांत आकसते. निरोगी माणसाला साधारण अर्धा-एक पीपीएमला वास कळतो, १०० पीपीएमला जीव धोक्यात. जास्त गॅस लागलेल्या माणसाला 'आता बरं वाटतंय' म्हणाला म्हणून घरी पाठवू नका, फुप्फुसात पाणी काही तासांनीही होऊ शकतं. डोळे भरपूर साध्या पाण्याने धुवा.

ईटीपी_भोसरी:

आमच्या प्लेटिंगच्या धंद्यात हा मारेकरी नाही, तारणहार आहे. क्रोम प्लेटिंगच्या सांडपाण्यात सहा संयुजेचं क्रोमियम असतं, पिवळंजर्द, कर्करोगकारक, आणि चुना टाकून खाली बसत नाही. आधी आम्ल टाकून पीएच तीनच्या खाली आणायचा, मग एसएमबीएस, म्हणजे निफाडकरांच्या पॅडमधलीच पूड. टाकीत सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि क्रोमियमला तीन संयुजेवर आणतो. पाणी डोळ्यांदेखत पिवळ्याचं हिरवं होतं. मग चुन्याने पीएच साडेआठपर्यंत नेला की क्रोमियम हायड्रॉक्साइड तळाशी.

पीएच मीटर बिघडला आणि हेल्परने अंदाजाने आम्ल ओतलं की टाकीवर गॅस उठतो. पावसाळ्यात एसएमबीएसच्या गोणीचं तोंड उघडं राहिलं तरी गोदामात ठसका लागतो. आरओ प्लँटमध्येही हीच पूड पाण्यातला क्लोरीन मारायला टाकतात, नाहीतर मेम्ब्रेन जातं.

कॉन्व्हर्टर_४२०:

तुम्ही सगळे किलो-ग्रॅमच्या गोष्टी करताय. जगात मुद्दाम तयार केल्या जाणाऱ्या या वायूचा बहुतेक सगळा भाग सल्फ्युरिक ॲसिडकडे जातो, साखर, बेदाणा वगैरे म्हणजे उरलेली चिल्लर.

एक टन ॲसिडला एक-तृतीयांश टन गंधक. गंधक जाळायचा, गॅस व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या थरांवरून साधारण ४२० अंशांना सोडायचा, त्याचा ट्रायऑक्साइड होतो. अडचण अशी की ही क्रिया उष्णता सोडते, आणि तापमान वाढलं की उलटी फिरते. म्हणून एका थरातून बाहेर काढून गार करायचं, मग पुढच्या थरात. मधेच तयार झालेला ट्रायऑक्साइड शोषून काढला तर उरलेला गॅस आणखी पुढे जातो. ही डबल कॉन्टॅक्ट डबल ॲब्सॉर्प्शन पद्धत, आम्ही डीसीडीए म्हणतो. ९९.७ टक्के रूपांतर मिळतं. ट्रायऑक्साइड पाण्यात सोडत नाहीत, कारण त्याचं न बसणारं धुकं होतं. ९८ टक्के ॲसिडमध्ये शोषतात आणि मग पाणी घालतात.

गावकऱ्यांना वास येतो तो बहुतेक स्टार्टअपच्या वेळी. शटडाउननंतर कॅटॅलिस्टचे थर गार असतात, ते नीट तापवायच्या आधीच गंधक सोडला तर गॅस न बदलता चिमणीतून जातो. घाई कोणाची असते हे सांगायला नको.

चहाटळ:

प्रश्न: एवढा गंधक येतो कुठून? खाणीतून?

कॉन्व्हर्टर_४२०:

पूर्वी खाणीतून. आता बराचसा तेलातून. पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक राहिला तर गाडीच्या धुरातून हाच गॅस निघतो, म्हणून रिफायनरीत तो काढतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात १० पीपीएमची मर्यादा आहे, बीएस-४ मध्ये ५० होती. काढलेला गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असतो. त्यातला एक-तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि तो उरलेल्या हायड्रोजन सल्फाइडवर सोडतात, दोघांचा मिळून गंधक आणि पाणी. याला क्लॉस पद्धत म्हणतात. बॉयलिंगहाऊस काकांच्या बर्नरमधला गंधक बहुधा कुठल्यातरी रिफायनरीतलाच.

चिकूवाडी:

डहाणूकडून एक प्रतिसाद. कोळशातही गंधक असतो. आमच्याकडचं ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र १९९० च्या दशकात सुरू झालं. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला होता. चिकूच्या बागांवर काय परिणाम होईल यावरून लोक कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुका पर्यावरण प्राधिकरण आलं. त्याने पाठपुरावा करून केंद्राला धूर धुणारं संयंत्र, एफजीडी, बसवायला लावलं. ते २००७ मध्ये चालू झालं.

तिथे चुनखडी लागत नाही. समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं, त्याच्या फवाऱ्यात गॅस शोषला जातो. मग त्यात हवा फुंकून त्याचं सल्फेट करतात. सल्फेट समुद्रात आधीच लिटरला अडीच ग्रॅमच्या वर असतं. पाण्याचा पीएच आणि तापमान सुधारल्याशिवाय ते परत सोडू नये एवढी अट असते.

देशभरातल्या केंद्रांसाठी या वायूची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये आली, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुसंख्य युनिट्सना एफजीडीतून सूटच मिळाली. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे असं कारण देतात. कोळसा कमी गंधकाचा आहे हे खरं, पण जळतो किती तेही बघायला हवं.

आकाशवेडा:

अवांतर: गुरूचा उपग्रह आयो. त्याचं विरळ वातावरण मुख्यतः याच वायूचं, आणि जमिनीवर त्याचाच बर्फ. पृथ्वीवर १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन हा वायू वर फेकला, त्याचे सल्फेटचे कण झाले आणि पुढचं वर्षभर जगाचं सरासरी तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने उतरलं.

कोकमआजी:

चर्चा फार वर गेली, मला खाली आणा. मी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालून लिंबाचं आणि कैरीचं सरबत करते, चांगलं टिकतं. मागे कोकमाच्या आगळात तेच घातलं तर रंग पार फिका पडला, गुलाबीसुद्धा राहिला नाही. आगळ बिघडलं का? आणि माप किती घ्यायचं?

बॉयलिंगहाऊस:

आजी, आगळ बिघडलं नाही, रंग उडाला. कोकम, जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं यांचा लाल-जांभळा रंग सल्फाइट लगेच झाकतं. अशा रंगीत रसांना सोडियम बेन्झोएट वापरायचं. केएमएस लिंबू, कैरी, अननस, संत्रं यांना.

माप: स्क्वॅशला कायद्याची मर्यादा ३५० पीपीएम. केएमएसमध्ये वजनाच्या सुमारे ५७ टक्के गॅस असतो, म्हणून एक किलो तयार सरबताला ०.६ ग्रॅमच्या वर जाऊ नका. चमच्याने मोजू नका, सोनाराचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग सरबत गार झाल्यावर घाला, गरम असताना घातलं तर गॅस उडून जातो. आणि केएमएस जास्त आंबट रसात चांगलं काम करतं. वाइनवालेही हेच सांगतील: पीएच ३ ला जेवढा मोकळा गॅस मिळतो त्याचा साधारण चौथा हिस्साच ३.६ ला मिळतो, मात्रा तीच घातली तरी. म्हणून गोड जास्त आणि लिंबू कमी असं सरबत केलंत तर ते केएमएस घालूनही फसफसेल.

कोकमआजी:

कळलं. बाटल्या धातूच्या झाकणाच्या आहेत, चालतील?

बॉयलिंगहाऊस:

नको. सल्फाइट कथिल आणि लोखंडाला लागतं, झाकण आतून काळं पडतं आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. काचेची बाटली, प्लास्टिकचं झाकण किंवा बूच. आणि घरात कुणाला दमा असेल तर त्यांच्यासाठी बिनकेएमएसची बाटली वेगळी काढून फ्रिजमध्ये ठेवा.